तीन गाड्यांचं आगार

दादाराव वानखडे यांनी उभ्या हयातीत एकही अपघात केला नाही, पण अपघातांवरच त्यांचं घर चाललं. एसटीच्या अकोला विभागात ते वाहतूक निरीक्षक होते. कुठं गाडी आपटली, घासली, ओढ्यात गेली की चौकशीला त्यांनाच धाडलं जाई. ते आधी रस्त्यावरच्या चाकांच्या खुणा बघत, मग गाडी बघत, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरला समोर बसवून, पाणी पाजून विचारत, "हं, आता सांग. काय झालं?" या प्रश्नाची त्यांना भारी घमेंड होती. ड्रायव्हरचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहायचं नाही, हा त्यांचा खाक्या. दारू पिऊन बस थेट लग्नाच्या मांडवात घालणाऱ्या एका बहाद्दरालासुद्धा त्यांनी तो शुद्धीवर येईपर्यंत थांबून त्याची बाजू विचारली होती. त्याला बाजू अशी काही नव्हतीच, पण विचारली.

असा माणूस निवृत्त होऊन न्यूझीलंडला मुलाकडे राहायला गेला तर त्यानं तिथं करायचं काय? मुलगा मैत्रेय हॅमिल्टनला, तिथल्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनिअर. सून अक्षता दवाखान्याच्या लॅबमध्ये. नात प्रणिता शाळेत, आणि घरी आल्यावर आजोबांच्या मराठी प्रश्नाला इंग्रजी उत्तर देऊन आपल्या खोलीत. कमलाबाईंचं बरं होतं. अकोल्याला वस्तीतलं महिला मंडळ त्यांनी वर्षानुवर्षं चालवलेलं, त्यामुळं माणसं गोळा करायची त्यांना सवय. आल्या आल्या त्यांनी शेजारणीला कोथिंबीर लावायला शिकवली, रविवारच्या बुद्धवंदनेला येणाऱ्या घरांची गणती केली, आणि कुणाच्या घरी कुणाचं पटत नाही हेसुद्धा माहीत करून घेतलं. दादाराव मात्र हॉलच्या खिडकीशी खुर्ची टाकून बाहेरच्या चौकातलं राउंडअबाउट बघत बसत. एखादी गाडी तरी कुणाच्या अंगावर जाईल अशी त्यांची, खोटं कशाला बोला, थोडी आशा होती. पण हॅमिल्टनचे लोक महासज्जन. एकमेकांना आधी जाऊ देत, वर हात करून आभार मानत. दादारावांचा जीव अगदी मेटाकुटीला आला.

मग ते मुलाच्या गाडीत मागं बसून त्याचं ड्रायव्हिंग सुधारायला लागले. "इंडिकेटर उशिरा दिलास," ते म्हणत. मैत्रेय गुणी मुलगा, मुकाट्यानं ऐकून घेई. पण एकदा भर पावसात, मागून प्रणिताचा आणि कमलाबाईंचा आवाज चालू असताना, "अंतर ठेव, अंतर," असं तिसऱ्यांदा ऐकल्यावर अक्षतानं नवऱ्याकडे असं काही बघितलं, की पुढच्या शनिवारी मैत्रेय वडिलांना एकट्यालाच घेऊन जवळच्या हंटली गावच्या मैदानावर गेला. "बाबा, तुम्हाला गाड्यांची आवड आहे ना, चला," एवढंच तो बोलला. कसल्या गाड्या ते बोलला नाही.

तिथं स्टॉककारच्या शर्यती होत्या. आता शर्यत म्हटल्यावर दादारावांना वाटलं, जो जोरात जाईल तो जिंकेल. मातीच्या गोल रिंगणात गाड्या आल्या. गाड्या कसल्या, लोखंडी पिंजरेच, आणि चारी बाजूंनी रुळाएवढे जाड बंपर. बावटा पडला आणि पहिल्याच वळणावर एका निळ्या गाडीनं पुढच्या गाडीला ठरवून, नेम धरून, भिंतीवर नेऊन घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाराव ताडकन उभे राहिले. पंच कुठं आहे, गाडीचा नंबर कुणी घेतला का, असं ते आजूबाजूच्या लोकांना मराठीत विचारू लागले. बांधावर घोंगडी अंथरून चिप्स खात बसलेल्या एका बाईनं त्यांना चिप्स देऊ केले. मैत्रेयनं त्यांना खाली ओढून सांगितलं, "बाबा, इथं धडकायची परवानगी आहे. तोच तर खेळ आहे."

घरी येताना दादारावांनी मैत्रेयच्या ड्रायव्हिंगमधली एकही चूक काढली नाही. रात्रीच्या जेवणाला मात्र त्यांनी कमलाबाईंना त्या निळ्या गाडीची हकिकत इतकी रंगवून सांगितली की भाजी निवून गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी भाकरी मागून घेतली, हे कमलाबाईंनी मनात टिपून ठेवलं.

मैत्रेय आणि त्याच्या मित्रांची एक फॅन्टसी लीग होती. म्हणजे असं, की हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकानं खऱ्या शर्यतीतले तीन ड्रायव्हर आपले म्हणून निवडायचे. शनिवारी मैदानावर ते ड्रायव्हर जे दिवे लावतील त्याचे गुण याला. ज्यांना निवडलं त्या बिचाऱ्यांना याचा पत्ताच नाही. लीगचा चिटणीस शिरीष. हा पुण्याचा, कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायचा आणि नियम करायची त्याला भारी हौस. पहिल्याला इतके गुण, दुसऱ्याला तितके, आणि कुणाची गाडी भिंतीवर घातली तर वेगळा एक गुण. बाकी मंडळी म्हणजे बॉयलरवरचा हेमी, मेंटेनन्सचा ग्रॅहम, स्वतः मैत्रेय आणि मकरंद नावाचा एक जण. दर शुक्रवारी संध्याकाळी शिरीषच्या गॅरेजमध्ये बैठक. त्याची बायको मेधा भजी तळायची, त्यामुळं कारखान्यातल्या निम्म्या लोकांना लीगमध्ये यायचं होतं. म्हणून शिरीषनं आणखी एक नियम केला होता. जागा पाचच, आणि हंगामाच्या शेवटी जो पाचवा येईल तो बाहेर. त्याच्या जागी रांगेतला पुढचा.

जानेवारीत मकरंदला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली आणि हंगामाच्या मध्येच त्याचे तीन ड्रायव्हर बेवारस झाले. मैत्रेयनं भीत भीत वडिलांचं नाव सुचवलं. शिरीष म्हणाला, "काकांनाच घेऊ या की. पण टीमला नाव लागतं, काका." दादाराव क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, "अकोला आगार क्रमांक दोन."

त्या शुक्रवारपासून त्यांचा नूर पालटला. इस्त्रीची पँट, बंद गळ्याचा स्वेटर, भांग पाडलेला. हेमी दारातच माओरी पद्धतीनं "किया ओरा" म्हणायचा, दादाराव "जय भीम" म्हणायचे, आणि पंधरवड्यात हेमी आधी जय भीम म्हणायला लागला. त्या घरात, त्या गल्लीत, त्या सबंध देशात दादाराव म्हणजे मैत्रेयचे बाबा होते, फार तर प्रणिताचे आजोबा. शिरीषच्या गॅरेजमध्ये मात्र ग्रॅहम खुर्ची पुढं सरकवून विचारी, "व्हॉट डू यू रेकन, दादाराव?" आणि उत्तराची वाट बघे. परक्या मुलखात आपल्याला कुणी काही विचारावं आणि उत्तरासाठी थांबावं, याचं मोल ज्याला कुणी विचारत नाही त्यालाच कळतं. दादाराव शुक्रवारची वाट सोमवारपासून बघत.

"सकाळी पंचशील म्हणायचं आणि संध्याकाळी कोण कुणाला धडकला त्याचे गुण मोजायचे," कमलाबाई म्हणाल्या. "बरं आहे बाई तुमचं."

"मी भिंतीचे गुण घेतच नाही," दादाराव म्हणाले. "शिरीषला सांगितलंय, माझ्या आगाराला ते लावू नको म्हणून."

हे खरं होतं. स्वतःच्या ड्रायव्हरनं दुसऱ्याला धडकून मिळवलेला गुण ते घेत नसत, आणि त्यामुळं त्यांचं आगार पाचव्या क्रमांकावर रुतून बसलं होतं. त्यात कोरीचा घोळ. मकरंदनं ठेवलेल्या तिघांत कोरी हा हुकमी एक्का. आठवडाभर याच कारखान्याकडे येणारा दुधाचा टँकर चालवायचा आणि शनिवारी पिवळी गाडी घेऊन रिंगणात उतरायचा. एके काळी त्याच्या नावानं लोक चळाचळा कापायचे. पण नव्या वर्षात त्याला काय झालं होतं कुणास ठाऊक. कडेकडेनं चालवायचा, कुणी जवळ आलं की वाट सोडायचा आणि शेवटून दुसरा यायचा. लोक बांधावरून त्याला नाही नाही ते बोलत. ग्रॅहम म्हणाला, संपला तो. मैत्रेय म्हणाला, "बाबा, काढून टाका त्याला. टौरंगा गावी हंगामातली शेवटची शर्यत होते, तिच्याआधी एक ड्रायव्हर बदलता येतो. एक चांगला मोकळा आहे."

"शिरीष, याची पद्धत काय?" दादारावांनी विचारलं.

"काही नाही हो काका. मला सांगायचं, हा काढा, तो घाला. झालं."

"आणि त्याचं म्हणणं?"

"कुणाचं?"

"कोरीचं."

शिरीषनं भजं खाली ठेवलं. मग त्यानं फार सौम्यपणे, लहान मुलाला समजवावं तसं समजावलं, की काका, कोरीला माहीतच नाही तो आपल्या लीगमध्ये आहे. दादाराव म्हणाले, ते ठीक आहे, पण बाजू ऐकल्याशिवाय मी आजवर कुणाला कामावरून उतरवलं नाही आणि आता उतरवणार नाही. चौकशी करावी लागेल. मैत्रेयनं कपाळावर हात मारला. तो म्हणाला, मी काही त्या माणसासमोर जाऊन उभा राहणार नाही, कारखान्यात मला तोंड दाखवायचंय. हेमी इतका वेळ हसत होता. त्याचा चुलतभाऊ कोरीच्या गाडीचे टायर बदलायचा. हेमी म्हणाला, "आय'ल टेक यू, दादाराव. स्वीट ॲज." म्हणजे तिकडच्या बोलीत, काही हरकत नाही.

शनिवारी दुपारी, शर्यत सुरू व्हायच्या बऱ्याच आधी, दोघं हंटलीच्या मैदानामागं गाड्या लावतात तिथं गेले. फाटकावर एक माणूस बूट तपासत होता. जॅन्डल, म्हणजे रबरी चपला, घालून आलेल्या दोघांना त्यानं परत पाठवलं. इथल्या व्यवस्थेत काही दम आहे, असं दादारावांना पहिल्यांदाच वाटलं. आत सगळीकडे हातोड्यांचा ठणठणाट चालला होता, आणि एका पिवळ्या गाडीच्या बंपरवर बसून लाल दाढीवाला एक धिप्पाड माणूस पाय खात होता. पाय म्हणजे तिथं मिळतो तो खिम्याचा, हातात धरून खायचा.

दादारावांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली. पत्रा बघितला, चाकं बघितली. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून कोरीपुढं धरली. "ड्रिंक वॉटर फर्स्ट," ते म्हणाले.

कोरीनं हेमीकडे बघितलं. हेमीनं मान हलवली. कोरी पाणी प्यायला.

"नाऊ टेल. व्हॉट हॅपन्ड?"

कोरीनं टोपी काढली. स्वेटरातला हा गंभीर म्हातारा वरच्या कमिटीतून आला असणार, असा त्याचा समज झाला आणि त्यानं अदबीनं विचारलं, तुम्ही कमिटीकडून का? दादाराव खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "नो. आय ॲम युवर डेपो."

मग हेमीला सगळं सांगावं लागलं. ती लीग, ते गॅरेज, मकरंद, अकोला आगार क्रमांक दोन आणि ही खातेनिहाय चौकशी. कोरी ऐकत गेला आणि त्याच्या दाढीत हसू फुटत गेलं, आणि शेवटी तो एवढा खदाखदा हसला की बंपर हलला. आणि हसता हसता त्याचा हात एकदम मानेकडे गेला, चेहरा पांढरा पडला आणि हसू जागीच थांबलं.

दादारावांचे डोळे बारीक झाले. "लुक राइट," ते म्हणाले. कोरीनं उजवीकडे बघितलं, पण मान वळली नाही. खांद्यासकट सगळा माणूस वळला.

पुढचं फारसं विचारावं लागलं नाही. नव्या वर्षाच्या शर्यतीत त्याला मागून एक ठोकर बसली होती आणि तेव्हापासून मान आखडली होती. डॉक्टरकडे गेलो तर तो शर्यत बंद करेल म्हणून गेला नाही. बायकोला सांगितलं तर ती डॉक्टरकडे नेईल म्हणून तिलाही सांगितलं नाही. "आणि टँकर?" दादारावांनी विचारलं. कोरी म्हणाला, आरशात बघून भागवतो. हे ऐकून मात्र दादारावांच्या अंगावर काटा आला. रिंगणात धडका खुशाल असतील, पण ज्या रस्त्यावरून प्रणिताची शाळेची बस जाते त्या रस्त्यावर मान न वळणारा माणूस दुधानं भरलेला टँकर घेऊन फिरतोय. त्यांच्यातला निरीक्षक निवृत्तीनंतर सहा वर्षांनी खडबडून जागा झाला. त्यांनी तिथल्या तिथं हुकूम सोडला. सोमवारी डॉक्टर, आणि डॉक्टर सांगेपर्यंत नो ड्यूटी. टँकर नाही, शर्यत नाही.

कोरी कसनुसा हसला. म्हणाला, "आय'ल लूज माय स्पॉट, मेट."

"युवर स्पॉट इज विथ मी," दादाराव म्हणाले. "आय कीप इट. नोबडी टेक्स."

आता ज्या जागेची कोरीला काळजी होती ती वेगळी आणि दादाराव राखून ठेवणार होते ती वेगळी, आणि हे त्या दोघांनाही कळत होतं. तरीपण कोरीनं मोकळा हात त्यांच्यापुढं केला. गेल्या काही आठवड्यांत सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या होत्या. काय झालं असं मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्यानं पायचा उरलेला तुकडा तोंडात टाकला, उठला आणि गाडीच्या मालकाला, म्हणजे आपल्या मामाला, शोधायला गेला. त्या दिवशी पिवळी गाडी रिंगणात उतरली नाही. डॉक्टरनं पुढं त्याला तपासलं आणि थोडक्यात वाचलास असं सांगून येत्या नाताळापर्यंत शर्यतीला बंदी घातली.

हे सगळं छान झालं असं म्हणून आपण मोकळे होऊ. पण शुक्रवारी गॅरेजमध्ये खरा पेच पडला. शिरीष म्हणाला, "मस्त काम केलंत काका. आता त्याच्या जागी दुसरा घेऊ या. तो मोकळा पोरगा घेतलात तर तुम्ही आरामात ग्रॅहमच्या पुढं जाल. पाचवा नंबर टळला, तुमची जागा वाचली."

"नाही घेता येणार," दादाराव म्हणाले.

"का?"

"कोरी आजारपणाच्या रजेवर आहे. रजेवरच्या माणसाची जागा भरत नाहीत. माझा शब्द गेलाय."

मैत्रेय म्हणाला, "बाबा, ही खरी नोकरी नाही. तो खरा तुमचा ड्रायव्हर नाही. तुम्ही बदलला तर त्याला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना," दादाराव म्हणाले आणि त्यांनी भज्यांची बशी पुढं ओढली.

घरी आल्यावर कमलाबाईंनी त्यांना फैलावर घेतलं. "त्या गोऱ्यासाठी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. लीग गेली तर पुढच्या वर्षी शुक्रवारी जाल कुठं?"

दादारावांना भीती वाटत होती, आणि ती कसली हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. ती खिडकी, ती खुर्ची आणि ते सज्जन राउंडअबाउट. अकोल्याला परत जावं तर तिथं घराला कुलूप. इथं राहायचा परवाना वाढवून घेतला होता, नातीत जीव अडकला होता. फक्त दिवस कसा काढायचा, हा प्रश्न होता. कमलाबाईंनी त्यांच्या पानात जरा जास्तच भात वाढला आणि विषय बदलला.

टौरंगाच्या शेवटच्या शर्यतीला सगळी लीग दोन गाड्यांतून गेली. दादारावांचे उरलेले दोन ड्रायव्हर म्हणजे एक नवखा डीन आणि एक ब्रूस, जो त्यांच्याच वयाचा वाटायचा. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, डीन तिसरा चालला होता आणि शेवटच्या फेरीत ब्रूस चक्क पुढं निघाला. शेवटचं वळण राहिलं. ब्रूस पहिला आला असता तर दादाराव चौथे आणि ग्रॅहम पाचवा. ग्रॅहमच्या तोंडचं पाणी पळालं. दादाराव बांधावर उभे राहून, मातीचे शिंतोडे अंगावर घेत, "अंतर ठेव, अंतर," असं मराठीत ओरडत होते.

तेवढ्यात ग्रॅहमनं निवडलेला वेन आला. ही तीच निळी गाडी, हंटलीला पहिल्या दिवशी दिसलेली. हा वेन म्हणजे रिंगणातला साक्षात यमदूत. त्याला पहिलं यायचंच नव्हतं, ते त्याच्या स्वभावातच नाही. त्यानं ब्रूसला मधोमध गाठलं आणि अलगद नेऊन भिंतीवर ठेवलं. भिंतीचा एक गुण ग्रॅहमला, ब्रूसची गाडी जागेवरच खलास, आणि अकोला आगार पाचवं.

"जाणूनबुजून केलंय त्यानं," दादाराव ओरडले. आसपासच्या लोकांनी हसून मान डोलावली. एकानं तर खांद्यावर थापही मारली. जाणूनबुजून केलं म्हणून तर तिकीट काढून आले होते सगळे.

पुढच्या शुक्रवारी हंगामाचं शेवटचं जेवण होतं, म्हणून बायकापोरांसह सगळे शिरीषकडे जमले. जेवण होईपर्यंत त्या विषयाला कुणी हात घातला नाही. मग शिरीष घसा खाकरून म्हणाला, "काका, आम्ही ठरवलंय. तुम्ही मध्येच आलात, अर्धाच हंगाम मिळाला, शिवाय कोरीचं ते प्रकरण. या वर्षी तो नियम लावायचा नाही."

ग्रॅहमनंही मान हलवली. हेमीनं तर दादारावांच्या खांद्यावर हातच ठेवला. मैत्रेय खाली बघत होता, पण आपल्या वडिलांना ही सवलत हवी आहे हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि दादारावांना ती हवी होती. फार हवी होती. हो म्हटलं असतं तर जगात कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "माणूस बघून नियम वाकवला तर मग मी आयुष्यभर केलं काय? पाचवा तो बाहेर." आणि ते उठले, आपली नेहमीची खुर्ची उचलून त्यांनी भिंतीला लावून ठेवली आणि बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. गॅरेजचं दार उघडंच होतं, त्यामुळं आतलं सगळं त्यांना ऐकू येत होतं.

मग कमलाबाईंचा आवाज आला. "शिरीष, रांगेत पुढचं कोण आहे रे?"

"पॅकिंगमधला एक जण आहे, काकू. बरेच दिवस मागं लागलाय."

"त्याला सांग थांबायला. माझं नाव घाल."

"काकू, रांग आहे."

"मेधा, मला सांग, भजी कोण तळतं?"

मेधा म्हणाली, "मी."

"पुढच्या वर्षी तुझ्या जोडीला मी येईन. आळूवडी करीन, कोथिंबीरवडी करीन. पण खुर्ची मिळाली तर."

शिरीषनं ग्रॅहमकडे बघितलं, ग्रॅहमनं हेमीकडे. पॅकिंगमधला माणूस त्या क्षणी रांगेतून उडाला.

घरी जाताना दादाराव गाडीत फुरंगटून बसले होते. हा त्यांना उघड उघड विश्वासघात वाटत होता. आपण नियमापायी जागा सोडली आणि घरच्याच माणसानं वडीचं आमिष दाखवून ती बळकावली. "तुला स्टॉककारमधलं काय कळतं?" त्यांनी विचारलं. कमलाबाई म्हणाल्या, "महिला मंडळ चालवलंय मी. कुणी कुणाला कधी भिंतीवर घालायचं ते मला कळतं."

तिकडं जून-जुलैत येणारा हिवाळा त्यांनी खिडकीशी काढला. कमलाबाईंनी मात्र अक्षताकडून कॉम्प्युटरवर सगळ्या ड्रायव्हरांची माहिती काढून घेतली, आणि त्या रोज चहाला कोण किती धडकतो याची चर्चा नवऱ्याशी मुद्दाम चुकीची माहिती सांगून सुरू करायच्या. दादारावांना ती दुरुस्त केल्याशिवाय राहवत नसे.

ऑक्टोबरात नव्या हंगामाच्या निवडीची बैठक आली. दादाराव जाणार नव्हतेच. पण कमलाबाई म्हणाल्या, संध्याकाळची वेळ, माझा गुडघा दुखतो, वड्यांचा डबा जड आहे, धरायला कुणीतरी पाहिजे. तेव्हा ते डबा धरायला गेले. गॅरेजमध्ये गेल्यावर त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि परकं माणूस उभं राहतं तसे ते दारापाशी उभे राहिले. हेमीनं त्यांच्यासाठी एक स्टूल आणून कमलाबाईंच्या मागं ठेवलं. ते त्यावर अर्धवट टेकले.

निवडीच्या चिठ्ठ्यांत कमलाबाईंचा पहिला नंबर लागला. शिरीषनं विचारलं, "काकू, पहिला कोण?"

"तो वेन," कमलाबाई म्हणाल्या.

ग्रॅहमच्या हातातली वडी हातातच राहिली. दादाराव स्टुलावरून अर्धे उठले. त्यांच्या ब्रूसला ज्यानं भिंतीवर घातलं त्यालाच घरात घेतलं होतं. त्यांना राग आला, आणि रागाबरोबर हेही कबूल करावं लागलं की निवड चोख होती. दुसऱ्या फेरीत कमलाबाईंनी गेल्या वर्षी मैत्रेयला जिंकून देणारा पोरगा घेतला. आता एक तगडा तिसरा घेतला की ही बाई पहिली येणार, हे गॅरेजमध्ये सगळ्यांना दिसत होतं.

"आणि तिसरा?" शिरीषनं विचारलं.

"कोरी."

"काकू, कोरी नाताळापर्यंत गाडीत बसणार नाही. कदाचित पूर्ण हंगामच नाही. त्याचे गुण शून्य."

"ठाऊक आहे मला," कमलाबाई म्हणाल्या. "तो रजेवर आहे. ह्यांनी जागा राखून ठेवलीय ना त्याची."

दादारावांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला, आणि मग परत पुसला. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, तरी आपल्या शब्दाची लाज घरात कुणी इतकी राखत असेल, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते स्टूल घेऊन पुढं सरकले आणि कमलाबाईंच्या कानाशी वाकून कुजबुजले, "अगं, दोन गाड्यांवर हंगाम निघायचा नाही. मी करून बघितलंय. शेवटची येशील."

"आले तर आले," कमलाबाई म्हणाल्या. "जागा रिकामी होईल. शिरीष, त्या रांगेत ह्यांचं नाव आत्ताच घालून ठेव."